घरची चटणी आणि बाजारची बाटली

ज्या घरात धान पिकते त्या घरात तांदळाचे पीठ विकत येऊ लागले, तर त्या घराच्या हिशेबात कोठेतरी चूक झाली आहे असे समजावे. भंडारा जिल्ह्यातील पुष्कळ खेड्यांत आज हीच स्थिती दिसते. गिरणीत धान भरडून घेतले म्हणजे तांदूळ घरी येतो. कणी मात्र पुष्कळ ठिकाणी गिरणीतच राहते किंवा पडत्या भावाने व्यापाऱ्याकडे जाते. काही दिवसांनी त्याच घरातील मूल आठवडी बाजारातून रंगीत वेष्टनातील तयार पीठ आणि लाल सॉसची बाटली घेऊन येते. मासळीला अथवा भाजीला तळण्यापूर्वी लावावयाचे हे पीठ म्हणजे बहुतांशी मैदा, मक्याचे किंवा तांदळाचे पीठ, मीठ आणि मसाला. जे स्वस्तात गेले तेच वेष्टनाची किंमत अंगावर घेऊन महाग परत आले, एवढाच त्याचा अर्थ.

घरची वस्तू ती चांगली आणि बाजारची ती वाईट, असा सरधोपट निवाडा येथे करावयाचा नाही. बाजारच्या काही वस्तू सोयीच्या असतात, काही स्वच्छही असतात. आणि घरी केलेली प्रत्येक वस्तू निर्दोष असतेच असे नाही. यास्तव कोणती वस्तू घरी करावी, कोणती केव्हा करावी आणि कोणती मुळीच करू नये, याचा विचार हिशेबाने झाला पाहिजे. शेतकरी कुटुंबांना सल्ला देणाऱ्या ग्रामकार्यकर्त्यांनी तर हा विचार आधी स्वतःपुरता पक्का करावा. अर्धवट सल्ल्याने कुटुंबाचे श्रम वाया जातात आणि पुढील सल्ल्यावरचा विश्वासही उडतो.

प्रश्न केवळ चवीचा नाही

बाटलीतील टोमॅटो सॉस हा आता शहरी पदार्थ राहिलेला नाही. बसस्थानकावरील आलूबोंड्याबरोबर, शाळेजवळच्या दुकानातील भज्यांबरोबर तो खेड्यांत पोहोचला आहे. मुलांना तो आवडतो, याचे मुख्य कारण त्यातील साखर होय. सर्वसाधारण सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर असते. मूल एका वेळी तीन-चार चमचे सॉस सहज घेते, म्हणजे तिखट पदार्थाच्या निमित्ताने तीन-चार चहाचे चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असा सल्ला दिला की, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी उष्णता दिवसाच्या एकूण उष्णतेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. मिठाचे प्रमाणही मोठ्या माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी पुरे, असे तीच संघटना सांगते. तयार पीठ आणि तयार सॉस ही दोन्ही एकाच ताटात आली, म्हणजे या दोन्ही मर्यादांकडे पावले नकळत वळतात.

दुसरी गोष्ट पैशाची. सॉसच्या बाटलीत टोमॅटो किती आणि साखर किती, हे विकत घेणारा सहसा पाहत नाही. आपल्याकडील नियमांनुसार टोमॅटो सॉसमध्ये विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण किमान २५ टक्के असावे लागते; परंतु या घन पदार्थांत टोमॅटोचा अंश जसा मोजला जातो, तशी साखरही मोजली जाते. बाटलीवरील घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने लिहिलेली असते. ज्याला वाचता येते त्याने ती यादी एकदा घरात मोठ्याने वाचून दाखवावी. एवढ्याने पुष्कळ समज येते.

आवरणाचे पीठ : कणीचा योग्य उपयोग

घरी करण्यास सर्वांत सोपी, स्वस्त आणि निर्धोक वस्तू म्हणजे आवरणाचे कोरडे पीठ. या बाबतीत भंडारा जिल्ह्याइतकी अनुकूलता थोड्या ठिकाणी असेल. मालगुजारी तलावांच्या आधाराने येथे पिढ्यान्‌पिढ्या धान पिकत आले आहे. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. त्याच तलावांत रोहू, कतला, मृगळ, मरळ ही मासळी मिळते. धान आणि मासळी एकाच पाण्यावर पोसली जातात. मग मासळीला लावण्याचे पीठ दुरून कशासाठी यावे?

तांदळाच्या पिठाचा गुण असा की, त्यात गव्हाप्रमाणे चिकट प्रथिन नसते. त्यामुळे तळताना त्याचे आवरण कुरकुरीत होते, आणि मैद्याच्या आवरणापेक्षा ते तेलही कमी शोषून घेते. यासाठी अखंड तांदूळ दळण्याची काही आवश्यकता नाही. कणी पाखडून, खडे वेचून, दोन पाण्यांत धुऊन सावलीत पसरावी. दाताखाली कटकन फुटेल इतकी ती वाळली पाहिजे. ओलसर कणी दळली तर पिठाला आंबूस वास येतो आणि बुरशी धरते. घरच्या पिठाविषयीच्या बहुतेक तक्रारी या एका घाईतून उद्भवतात. वाळलेली कणी थोडी रवाळ दळून आणावी.

या पिठाचे चार भाग आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ एक भाग घ्यावे. त्यात मीठ, हळद, तिखट, थोडा ओवा आणि असल्यास मूठभर तीळ मिसळावेत. मीठ-मसाला घालण्यापूर्वी दोन्ही पिठे मंद विस्तवावर कोरडी भाजून थंड केली, तर मिश्रण झाकणाच्या कोरड्या डब्यात महिनाभर चांगले राहते. मासळीला आधी मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस लावून काही वेळ ठेवावे. पाणी निथळल्यावर तुकडे या पिठात घोळून तव्यावर थोड्या तेलात परतावेत. वांग्याचे काप, दोडक्याच्या चकत्या, सांभारवडी यांनाही हेच पीठ चालते. भज्यांकरिता घोळ हवा असल्यास त्यात आयत्या वेळी पाणी घालावे. घोळ भिजवून फार वेळ ठेवू नये. उरलेला दुसऱ्या दिवशी वापरू नये.

आवरण घरचे आहे म्हणून रोज तळण खावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तळणाचे तेल पुनःपुन्हा तापविल्याने बिघडते. १ जुलै २०१८ पासून अन्न व्यावसायिकांसाठी वापरलेल्या तेलातील अपायकारक घटकांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरविण्यात आली, ती याच कारणाने. घरात ते मोजण्याचे साधन नसते. म्हणून काळे पडलेले, फेस येणारे किंवा चिकट झालेले तेल टाकून द्यावे, आणि शक्य तेथे कढईऐवजी तव्याचा उपयोग करावा.

बेसनाविषयी सावधगिरी

आवरणाच्या पिठात बेसन पडते, म्हणून त्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. धानाच्या बांधीत उभ्या पिकात उतेरा पद्धतीने लाखोळी घेण्याचा प्रघात या जिल्ह्यात जुना आहे. लाखोळीची डाळ दिसण्यात हरभरा-तुरीच्या डाळीशी मिळतीजुळती आणि भावाने स्वस्त. म्हणून बेसनात तिची भेसळ होण्याचा संभव नेहमीच राहिला आहे. लाखोळीत मज्जातंतूंना अपाय करणारे एक द्रव्य असते. दुष्काळात किंवा दारिद्र्यात जेथे महिनोन्‌महिने लाखोळी हेच मुख्य अन्न झाले, तेथे माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंधने आली ती यामुळेच. पुढे रतन, प्रतीक यांसारखे हे द्रव्य कमी असलेले वाण निघाले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यासही द्रव्याचा बराच अंश निघून जातो. तथापि, आपण काय खातो आहोत आणि किती खातो आहोत, हे खाणाऱ्यास ठाऊक असणे ही पहिली अट होय.

सुट्या बेसनात हे कळण्यास मार्ग नसतो. बेसनाला व हळदीला पिवळा रंग यावा म्हणून मनाई असलेला मेटॅनिल यलो हा रंग, आणि तिखटात सुदान जातीचे रंग मिसळल्याचे प्रकारही अन्न तपासणीत उघडकीस आलेले आहेत. यावर घरगुती उपाय एकच : हरभऱ्याची डाळ पाहून घ्यावी किंवा घरच्या हरभऱ्याची करावी, आणि समोर दळून आणावी. मिरची व हळद अखंड घेऊन कुटावी. चक्कीवर आधीच्या गिऱ्हाइकाचे पीठ आपल्या पिठात मिसळते, म्हणून पहिली दोन मुठी दळण बाजूला काढावे.

मिरचीच्या बाबतीत घरचा दोषही सांगितला पाहिजे. शेणाने सारविलेल्या किंवा ओल असलेल्या जमिनीवर वाळविलेल्या मिरचीला आतून बुरशी लागते. त्या बुरशीचे विष भाजल्याने किंवा शिजविल्याने पुरते नाहीसे होत नाही. मिरची स्वच्छ ताडपत्रीवर वाळवावी, रात्री झाकावी आणि देठाजवळ काळी-करडी झालेली मिरची मोह न धरता फेकावी. घरच्या तिखटाचा अभिमान बाळगावयाचा तर एवढी दक्षता घेणे ओघानेच आले.

चटण्या : बाटलीची नक्कल कशाला?

सॉसला पर्याय म्हटला की घरी तसाच लाल सॉस करून दाखविण्याकडे सल्लागारांचा कल असतो. येथेच विचाराची पहिली चूक होते. सॉसचे काम काय? कोरड्या किंवा तळलेल्या पदार्थाला आंबट, तिखट, गोड अशी जोड देणे. हे काम आपल्या स्वयंपाकघरात चटणी फार पूर्वीपासून करीत आली आहे. तेव्हा आधी चटणीचा विचार करावा, नंतर सॉसचा.

चिंच-गुळाची चटणी घ्या. चिंचेचे झाड गावोगावी आहे. चिंच निवडून गरम पाण्यात भिजवावी, कोळ गाळून घ्यावा, त्यात चवीप्रमाणे गूळ, मीठ, तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडी सुंठ घालून दाट होईपर्यंत उकळावे. चिंच मुळातच अत्यंत आंबट असल्याने ही चटणी सहसा लवकर नासत नाही; स्वच्छ काचेच्या बरणीत, कोरडा चमचा वापरून ती आठवडाभर सहज वापरता येते. आलूबोंड्याबरोबर मुलांना ही चटणी दिली तर बाटलीची आठवण पुष्कळ कमी होते, आणि गोडीचे प्रमाण आईच्या हाती राहते.

दुसरी चटणी जवसाची. धान निघाल्यावर बांधीतील उरल्या ओलीवर जवस घेण्याची रीत या भागाची आहे. परंतु घरातून जवसाची मागणी कमी झाली तसे शेतातूनही जवस मागे पडत गेले. जवसाच्या दाण्यात सुमारे ३५ ते ४० टक्के तेल असते आणि त्या तेलाचा जवळजवळ अर्धा भाग ओमेगा-३ या हितकर स्निग्धाम्लाचा असतो. मासळी न खाणाऱ्या कुटुंबाला हे द्रव्य इतक्या स्वस्तात देणारे दुसरे धान्य क्वचितच असेल. पाव किलो जवस मंद विस्तवावर तडतडेपर्यंत भाजावे. अधिक भाजल्यास कडू होते. त्यात आठ-दहा भाजलेल्या सुक्या मिरच्या, तितक्याच कोरड्या परतलेल्या लसूण पाकळ्या, जिरे व मीठ घालून कुटावे. ज्या स्निग्धाम्लामुळे जवस गुणकारी, त्याच स्निग्धाम्लामुळे त्याची पूड हवेने लवकर खवट होते. म्हणून दाणे वर्षाचे साठवावेत, चटणी मात्र पंधरा दिवसांच्या बेताने कुटावी. दह्यात कालविली की हीच चटणी पातळ जोड म्हणूनही वापरता येते.

एक इशारा येथे देणे जरूर आहे. हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा कच्चा लसूण तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवण्याची रीत अलीकडे पसरत आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आंबटपणा नसतो. अशा स्थितीत प्राणघातक विष निर्माण करणारे जंतू वाढू शकतात, आणि त्या विषाला वेगळा वास किंवा चव असतेच असे नाही. ठेचा रोजचा रोज करावा, किंवा थंड कपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा. जुनी माणसे ठेचा ताजाच करीत. त्या रिवाजात शहाणपण होते.

टोमॅटोचा सॉस : केव्हा करावा, केव्हा करू नये

एवढे झाल्यावर टोमॅटोच्या सॉसकडे वळावे. १ किलो सॉस होण्यास साधारण ४ किलो पिकलेले टोमॅटो लागतात. बाजारात टोमॅटो ५ रुपये किलो असेल तर टोमॅटोचा खर्च २० रुपये. ४० रुपये किलो असेल तर १६० रुपये. यात साखर, शिरका, जळण आणि बाईचा अर्धा दिवस मिळवावा. म्हणजे टोमॅटो महाग असताना घरचा सॉस हा निव्वळ हौसेचा व्यवहार ठरतो, आणि भाव कोसळून टोमॅटो बांधावर फेकण्याची पाळी येते तेव्हा तोच शहाणपणाचा ठरतो. हिवाळ्याच्या अखेरीस आवक वाढते, तेव्हाचा आठवडा हेरावा. ज्या शेतकऱ्याच्या वाडीत टोमॅटो आहे त्याने पहिल्या प्रतीचा माल विकावा. अधिक पिकलेला, आकाराने वेडावाकडा परंतु निरोगी माल सॉससाठी ठेवावा. सडका किंवा बुरशी लागलेला टोमॅटो कापून त्याचा चांगला भाग घेण्याची काटकसर मात्र करू नये.

कृती अशी : टोमॅटो धुऊन, चिरून, शिजवून गाळावेत. १ किलो रसास ७५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम बारीक चिरलेला कांदा, १० ग्रॅम आले, ५ ग्रॅम लसूण आणि ५ ग्रॅम लाल तिखट हे प्रमाण ठेवावे. कांदा, आले, लसूण आणि थोडी दालचिनी, लवंग, मिरे, जिरे यांची स्वच्छ कापडात पुरचुंडी बांधून ती रसात सोडावी. तिसरा हिस्सा साखर आरंभी व उरलेली नंतर घातल्यास रंग चांगला राहतो. रस आटून एक तृतीयांश राहिला म्हणजे पुरचुंडी पिळून काढावी, मीठ आणि २५ मिलिलिटर शिरका घालावा व पुन्हा उकळी आणावी. सॉसचा थेंब बशीवर टाकला असता त्याच्या भोवती पाणी सुटले नाही, म्हणजे तो तयार झाला.

शिरका केवळ चवीसाठी असतो अशी समजूत चुकीची आहे. अतिपिकलेल्या टोमॅटोचा आंबटपणा सुरक्षित मर्यादेपेक्षा कमी असू शकतो. शिरका ती उणीव भरून काढतो. म्हणून तो वगळू नये. काचेच्या बाटल्या व झाकणे पाण्यात उकळून घ्यावीत, सॉस कढत असतानाच भरावा, तोंडाशी बोटभर जागा सोडावी. नंतर पातेल्याच्या तळाशी कापडाची घडी ठेवून, गरम पाण्यात बाटल्या उभ्या कराव्यात आणि उकळीच्या बेतात ३० मिनिटे ठेवाव्यात. थंड झाल्यावर झाकण घट्ट करून दिनांक लिहावा. बाटल्या लहान घ्याव्यात, कारण उघडलेली बाटली लवकर संपली पाहिजे. फुगलेले झाकण, फेस, आंबूस वास यांपैकी एकही लक्षण दिसले तर चव घेऊन पाहण्याच्या भरीस न पडता बाटली टाकून द्यावी.

पितळेचे भांडे आणि आंबट पदार्थ

भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले गाव. या जिल्ह्यात पितळेची गुंडी-पातेली घरोघर होती आणि अजूनही पुष्कळ घरी आहेत. भांडे मोठे म्हणून सॉस किंवा चिंचेची चटणी त्यातच करण्याचा मोह सहज होतो. आंबट पदार्थ पितळेतील तांबे विरघळवितात. त्यामुळे पदार्थ कळकतो, मळमळ व उलट्या होतात. कल्हई ताजी व अखंड नसेल तर अशा भांड्यात आंबट काही शिजवू नये आणि शिजविले तरी साठवू नये. स्टीलचे किंवा चिनी मुलाम्याचे भांडे वापरावे, साठवण काचेत करावी. जिल्ह्याच्या या कारागिरीचा मान राखण्याचा मार्ग कल्हई वेळच्या वेळी करून घेणे हाच आहे.

श्रमाचा हिशेब

घरगुती पदार्थांची महती सांगणारे लेख नेहमी एक गोष्ट गाळतात. हे पदार्थ करावयाचे कोणी? रोवणीच्या दिवसांत जी बाई दिवसभर चिखलात वाकून रोपे लावते, तिने रात्री कणी पाखडावी, चिंच निवडावी आणि सॉस आटवावा, असे सांगणे हा सल्ला नव्हे. तो बोजा आहे. बाजारच्या पाकिटाने घरात प्रवेश मिळविला तो पुष्कळ अंशी बाईच्या थकव्याच्या दारातून, हे मान्य केले पाहिजे. हा थकवा ध्यानात न घेता केलेला प्रचार निष्फळ होईल आणि तसा तो व्हावाही.

यावर तोड आहे. आवरणाचे पीठ महिन्यातून एकदा, जवसाची चटणी पंधरवड्यातून एकदा, सॉस वर्षातून एक-दोनदा : काम असे वाटले तर ते रोजचे राहत नाही. कणी गिरणीतून मागून आणणे, दळण नेणे, जळण फोडणे, बाटल्या उकळणे, सॉस ढवळीत बसणे, यांतील एकही काम पुरुषाला न जमण्यासारखे नाही. जो पुरुष शेतात फवाऱ्याच्या औषधाचे प्रमाण अचूक मोजतो, त्याला १ किलो रसास ७५ ग्रॅम साखर मोजणे अवघड जाऊ नये. चार घरांनी एकत्र येऊन एकाच चुलीवर सॉस आटविला तर जळण व वेळ दोन्ही वाचतात. आणि ज्या घरी हे काहीच शक्य नाही, त्या घरी निदान तयार पिठाऐवजी साधे तांदळाचे पीठ व मीठ-तिखट वापरावे. एवढ्यानेही पुष्कळ साधते. हे घर कमी प्रतीचे आहे असे कोणी त्यास वाटू देऊ नये.

विक्रीचा विचार

गावातील बचत गट हे पदार्थ विकू इच्छितात, हे स्वागतार्ह आहे. परंतु घरच्या ताटातील वस्तू आणि विकावयाची वस्तू यांत मोठे अंतर आहे. विकणाऱ्यावर अनोळखी माणसाच्या आरोग्याची जबाबदारी येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये लहान उत्पादकालाही नोंदणी करावी लागते. वेष्टनावर घटक, वजन, तयार केल्याचा दिनांक व वापराची मुदत छापावी लागते. आरंभ कोरड्या वस्तूंनी करावा : कणीचे मसाला पीठ, जवसाची चटणी, तिखट. सॉसच्या विक्रीत आंबटपणा मोजण्याची व बाटली निर्जंतुक करण्याची शिस्त लागते. ती शिकून घेतल्यावाचून त्यात पडू नये. साकोली येथील कृषि विज्ञान केंद्राकडे अशा प्रशिक्षणाबद्दल गटांनी आधी विचारणा करावी, यंत्र मागाहून घ्यावे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५० पासून लहान उद्योगांना उपयोगी पडतील अशा अनेक पद्धती विकसित केल्या आहेत, त्यांचाही लाभ घेता येतो. एका गटाच्या एका नासलेल्या बाटलीने दहा गटांचे नाव खराब होते, हे विसरू नये.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समाज विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला तेव्हापासून एक तत्त्व सांगितले जाते : आधी करून दाखवावे, मग सांगावे. या विषयात ते विशेष लागू आहे. ग्रामकार्यकर्त्याने आधी स्वतःच्या घरी कणीचे पीठ करावे. मग गिरणीमालकाशी बोलून शेतकऱ्याला त्याची कणी परत मिळण्याची सोय करावी. आठवडी बाजाराच्या दिवशी तयार पिठात घोळलेली आणि घरच्या पिठात घोळलेली अशी दोन प्रकारची मासळी शेजारी शेजारी परतून लोकांना खाऊ घालावी. दोहोंचा खर्च फळ्यावर लिहावा. फळ्यावरचा आकडा बाजारच्या बाजूने गेला तर तोही तसाच लिहावा. शेतकरी खोटा हिशेब ताबडतोब ओळखतो, आणि खऱ्या हिशेबावर तो स्वतःच निर्णय घेतो.

धान भरडताना कणी घरी आणणे, बांधीच्या कोपऱ्यात चार ओळी जवस टाकणे, अंगणातील चिंच पडू न देता वेळेवर झोडून घेणे : ही कामे लहान आहेत. त्यांनी कोणी श्रीमंत होणार नाही. परंतु आठवडी बाजारातून परतणाऱ्या पिशवीत एक बाटली कमी येईल, त्या पैशांतून मुलांसाठी अंडी किंवा वही येईल, आणि ताटात काय वाढले आहे हे वाढणाऱ्या हाताला नेमके ठाऊक असेल. येत्या हंगामात गिरणीवर धान नेताना कणीसाठी एक जादा पोते बरोबर न्यावे. आरंभास तेवढे पुरे आहे.